पडत्या घराला टेकू

आयुर्वेदाच्या ग्रंथांत रोगांची एक जुनी वर्गवारी आहे. कांहीं रोग सुखानें बरे होणारे, कांहीं कष्टानें बरे होणारे, आणि उरलेले असाध्य. परंतु या असाध्य रोगांचेहि चरकानें दोन भाग पाडले आहेत. एक याप्य, म्हणजे जो मुळापासून जात नाहीं, पण पथ्य व औषध चालूं असेपर्यंत रोग्याला जगूं देतो. दुसरा प्रत्याख्येय, म्हणजे ज्याला वैद्यानें स्पष्ट शब्दांत नकार द्यावा असा. याप्य रोग्याविषयीं सुश्रुतसंहितेंत एक मार्मिक दृष्टांत आला आहे. कोसळूं पाहणाऱ्या घराला नीट लावलेला टेकू जसा सांवरून धरतो, तशी योग्य चिकित्सा अशा रोग्याला सांवरून धरते, असें तेथें म्हटलें आहे. आज ज्या विषयावर बोलावयाचें आहे त्याचें सार या दृष्टांतांत आहे. यकृताच्या जुनाट विकारानें जर्जर झालेल्या आणि बरें होण्याची आशा मावळलेल्या रोग्याची शुश्रूषा पूर्वीं कशी होत असे, पुढें ती कां मागें पडली, आणि आज ती कोणत्या स्वरूपांत करतां येते, हा तो विषय होय. इंग्रजींत जिला ‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हणतात तिला आपण येथें उपशामक शुश्रूषा म्हणूं.

विषय केवळ पुस्तकी राहूं नये म्हणून एक गांव डोळ्यांपुढें ठेवूं. बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यांत, मलकापूर व नांदुरा यांच्या दरम्यान, मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर वडनेर भोलजी हें गांव आहे. भोंवतालीं काळी जमीन. कपाशी, तूर, ज्वारी, सोयाबीन हीं पिकें. दारावरून मोठा रस्ता जातो खरा. पण त्या रस्त्यानें मुंबई सुमारें पांचशें किलोमीटर दूर आहे, आणि नागपूरहि कांहीं जवळ नाहीं. अशा गांवांतील एखाद्या शेतमजुराचें पोट पाण्यानें तुंबलें, डोळे पिवळे झाले, पाय सुजले, आणि मोठ्या शहरांतील डॉक्टरांनीं ‘आतां घरीं न्या’ असें सांगितलें, म्हणजे पुढें काय? घरीं न्यावयाचें, पण घरीं नेऊन करावयाचें काय? या प्रश्नाचें उत्तर रोग्याच्या हातांत दिलेल्या कागदांत क्वचितच सांपडतें.

प्रथम रोग समजून घेऊं. यकृत हें शरीरांतील सर्वांत मोठें अंतर्गत इंद्रिय. वर्षानुवर्षें त्याला इजा होत राहिली कीं मऊ पेशींच्या जागीं कठीण तंतू वाढतात, व यकृत आंखडून गांठीगांठींचें होतें. इ. स. १८१९ मध्यें फ्रेंच वैद्य लेनेक यानें त्या यकृताच्या पिवळट तपकिरी रंगावरून ग्रीक शब्द घेऊन या विकाराला ‘सिरोसिस’ असें नांव दिलें. आंतड्यांकडून यकृताकडे येणाऱ्या रक्ताची वाट अडली कीं त्या शिरांतील दाब वाढतो. त्यांतून पोटांत पाणी सांठतें, अन्ननलिकेच्या शिरा फुगून फुटतात व रक्ताची उलटी होते. आणि जीं विषारी द्रव्यें यकृतानें गाळून टाकावयाचीं तीं मेंदूपर्यंत जाऊन रोगी भ्रमिष्ट होतो. मद्यपान हें याचें एक मोठें कारण आहे, पण तें एकच नव्हे. ‘ब’ व ‘क’ जातीच्या काविळीचे विषाणू, मधुमेह व स्थूलता यांमुळें यकृतांत सांठणारी चरबी, आणि कांहीं आनुवंशिक दोष हींहि कारणें आहेत. ज्यानें आयुष्यांत दारूचा थेंब घेतला नाहीं तोहि या रोगानें जाऊं शकतो, ही गोष्ट आपल्या समाजानें अद्याप नीट ध्यानांत घेतलेली नाहीं.

पाण्यानें पोट फुगण्याच्या या अवस्थेला आपण जलोदर म्हणतों. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत उदररोगांवर स्वतंत्र अध्याय आहे, आणि सुश्रुतसंहितेंत तर पोटांतील पाणी काढण्याची क्रिया बारीकसारीक तपशिलासह दिली आहे. रोग्याला तेल लावून, शेकून, आप्तांनीं कांखेंत धरून बसवावें. बेंबीच्या खालीं डाव्या बाजूस, रोमराजीपासून चार अंगुळें सोडून, व्रीहिमुख नांवाच्या शस्त्रानें अंगठ्याच्या रुंदीइतकें खोल भेदावें. त्यांत नळी घालून पाणी काढावें. परंतु सर्व पाणी एकाच दिवशीं काढूं नये. तसें केल्यास तहान, ज्वर, अंगदुखी, अतिसार व श्वास हे उपद्रव होतात. म्हणून कांहीं दिवसांच्या अंतरानें थोडें थोडें काढावें, आणि पाणी काढल्यावर पोट लोंकरीच्या किंवा रेशमी वस्त्रानें अथवा चामड्यानें घट्ट बांधावें. पुढें सहा महिने दूध अथवा जांगल मांसाचा रस यांवर रोग्याला ठेवावें.

हा तपशील सांगण्याचा हेतु प्राचीनांची थोरवी गाणें हा नव्हे. त्या काळीं यकृताचा तंतुमय विकार ठाऊक नव्हता, आणि अशा भेदनानें रोग बरा होत नसे. पण दोन गोष्टी विचार करण्याजोग्या आहेत. एक अशी कीं, एकदम फार पाणी काढल्यास रोगी ढासळतो हें निरीक्षण आजच्या शास्त्रानें खरें ठरविलें आहे. पाणी झपाट्यानें गेलें म्हणजे रक्ताभिसरणाचा तोल बिघडतो व मूत्रपिंडें निकामी होऊं लागतात. म्हणून पांच लिटरांहून अधिक पाणी काढतांना दर लिटरामागें ६ ते ८ ग्रॅम आल्ब्युमिन शिरेंतून द्यावें असा आज दंडक आहे. दुसरी अशी कीं, रोग न जातांहि रोग्याचा श्वास मोकळा करणारी, त्याला चार घांस खाऊं देणारी व रात्रीं पडूं देणारी ही क्रिया आपल्याकडे शास्त्र म्हणून मांडली गेली होती. उपशामक शुश्रूषेचें याहून जुनें व याहून स्पष्ट उदाहरण शोधण्यास दूर जाण्याचें कारण नाहीं.

चरकाच्या उदरचिकित्सेंत आणखी एक स्थळ आहे, तें वैद्यकाच्या इतिहासांत मोलाचें आहे. सर्व उपाय थकले आणि विषप्रयोगासारखा धोक्याचा उपाय करणें भाग पडलें, तर वैद्यानें रोग्याचे ज्ञातिबांधव, मित्र, पत्नी, ब्राह्मण, राजा व गुरु यांना सर्व स्थिति सांगावी. उपचार न केल्यास मृत्यु निश्चित आहे, केल्यास संशय आहे, असें उघड बोलून त्यांची अनुज्ञा घ्यावी, आणि मग क्रिया करावी. सत्य सांगणें व संमति घेणें या दोन तत्त्वांवर आज न्यायालयें निकाल देतात; तीं येथें उदररोगाच्या संदर्भांतच आलीं आहेत. मात्र यांत एक उणीव आहे, तीहि झांकूं नये. या यादींत सर्व आहेत. ज्याचें पोट, ज्याचें मरण, त्या रोग्याचें नांव मात्र नाहीं. घरच्या माणसांना सर्व सांगावयाचें आणि रोग्याला अंधारांत ठेवावयाचें, ही आपली आजची रीत किती जुनी आहे हें यावरून दिसतें.

आतां प्रत्याख्येय रोग्याकडे वळूं. असाध्य रोग हातीं घेणाऱ्या वैद्याचा धन, विद्या व यश यांचा नाश होतो, असें चरक सांगतो. वैद्याच्या चार वृत्ति सांगतांना आर्तांविषयीं मैत्री व करुणा, साध्य रोग्याविषयीं प्रीति, आणि मृत्यूच्या वाटेला लागलेल्याविषयीं उपेक्षा, असा क्रम त्यानें लावला आहे. उपेक्षा म्हणजे तिरस्कार नव्हे, अलिप्तता होय, हें खरें. तरी व्यवहारांत परिणाम एकच. वैद्य उठून गेला. मग मागें राहिलें कोण? घरची बायको, आई, सून, शेजारी. धान्याची नड असतांहि रोग्याच्या उशाशीं रात्र रात्र जागणाऱ्या या स्त्रियांचा इतिहास कोणीं लिहिला नाहीं, पण शतकानुशतकें हें काम त्यांनींच केलें आहे.

घराबाहेर हें काम संतांनीं व सेवाभावी पुरुषांनीं पत्करलें. वऱ्हाडची भूमि या बाबतींत विशेष भाग्यवान आहे. अमरावती जिल्ह्यांत जन्मलेले गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनीं ठिकठिकाणीं धर्मशाळा उभारल्या, आणि उपचारासाठीं मुंबईस येणाऱ्या गरीब रोग्यांना व त्यांच्या सोबत्यांनाहि त्यांच्या परंपरेंतील धर्मशाळांचा आसरा लाभला. १९४६ मध्यें अमरावतीजवळ तपोवन येथें डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं महारोग्यांसाठीं संस्था काढली. १९४९ मध्यें बाबा आमटे यांनीं महारोगी सेवा समिति स्थापिली, व तींतून वरोऱ्याचें आनंदवन उभें राहिलें. हीं कार्यें यकृताच्या रोग्यांसाठीं नव्हतीं. परंतु ज्याला समाजानें टाकून दिलें त्याला जवळ करावयाचें, आणि बरा होईल कीं नाहीं या हिशेबावर सेवा अवलंबून ठेवावयाची नाहीं, हा धडा त्यांनीं घालून दिला.

पाश्चात्त्य वैद्यकाचें रुग्णालय आपल्याकडे आलें तें रोग बरा करण्याच्या उमेदीनें. मुंबईस १८४५ मध्यें ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व जमशेटजी जिजीभाई रुग्णालय सुरू झालें. पुढच्या शंभर वर्षांत जंतुशास्त्र, शस्त्रक्रिया व प्रतिजैविक औषधें यांनीं जे विजय मिळविले त्यांची दीप्ति इतकी होती कीं, न बरा होणारा रोगी हा रुग्णालयाला आपला पराभव वाटूं लागला. प्राचीन वैद्य उघडपणें नकार देत असे. नवें रुग्णालय खाट रिकामी करून घेऊं लागलें.

या वृत्तीला इंग्लंडांत उत्तर मिळालें. सिसिली साँडर्स ही प्रथम परिचारिका, मग समाजसेविका, आणि पुढें मुद्दाम शिकून १९५७ मध्यें डॉक्टर झालेली स्त्री. १९६७ मध्यें तिनें लंडनमध्यें सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलें. मरणाऱ्या मनुष्याचें दुःख एकट्या शरीराचें नसतें. मन, कुटुंब, पैसा व श्रद्धा या साऱ्यांचें मिळून तें एक दुःख असतें, हा तिचा सिद्धांत. कॅनडांतील डॉ. बॅलफोर माउंट यांनीं १९७० नंतरच्या दशकांत माँट्रियलच्या रुग्णालयांत असा विभाग काढतांना ‘पॅलिएटिव्ह केअर’ हा शब्द रूढ केला. लॅटिन भाषेंत ‘पॅलियम’ म्हणजे अंगावर घ्यावयाचें पांघरूण.

भारतांत पहिलें हॉस्पिस मुंबईंतच झालें. टाटा स्मारक रुग्णालयाचे शल्यवैद्य डॉ. लुईस डिसोझा यांनीं १९८६ मध्यें वांद्रें येथें शांति आवेदना आश्रम सुरू केला. पुढें गोवा व दिल्ली येथेंहि त्याच्या शाखा झाल्या. १९९३ मध्यें कालिकतला डॉ. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वेदनाशमनाची संस्था काढली. १९९७ मध्यें पुण्यास वारजे येथें सिप्लाचें उपशामक केंद्र सुरू झालें. केरळांत हें काम रुग्णालयांतून गांवांत उतरलें. शेजारच्या माणसांनीं शिकून घ्यावें, ग्रामपंचायतींनीं भार उचलावा, आणि परिचारिकेनें घरोघर जावें अशी पद्धति तेथें बसली, व २००८ मध्यें त्या राज्यानें यासाठीं स्वतंत्र धोरण जाहीर केलें. महाराष्ट्रानें २०१२ मध्यें तसें धोरण केलें. त्याच वर्षीं केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रमहि आंखला गेला.

याच काळांत एक अनिष्ट घटना घडली. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें मॉर्फिनवर इतके निर्बंध आले कीं, जो देश जगाला औषधी अफू पुरवीत होता त्याच देशांतील रोग्याला वेदनेसाठीं मॉर्फिन मिळेनासें झालें. पुढील बारा वर्षांत त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहूनहि अधिक घटला. २०१४ मध्यें कायद्यांत दुरुस्ती होऊन मार्ग सुधारला. पण एक अख्खी पिढी हें औषध वापरण्यास न शिकतांच डॉक्टर झाली, ही हानि कायदा बदलून भरून येत नाहीं.

श्रोतेहो, वरील इतिहासांत एक गोष्ट लक्षांत आली असेल. हें सारें कार्य मुख्यतः कर्करोगाभोंवतीं वाढलें. ज्या जलोदराच्या रोग्यासाठीं आपल्या प्राचीनांनीं नळी व पट्टी यांचा विचार केला, तोच आधुनिक शुश्रूषेच्या दाराबाहेर उभा राहिला. याचीं कारणें तीन दिसतात. कर्करोगाची उतरंड बहुधा एका दिशेनें जाते. यकृताचा रोगी मात्र आज बेशुद्ध होतो, चार दिवसांनीं उठून बसतो, महिन्यानें पुन्हां खालावतो. त्यामुळें शेवट जवळ आला असें कोणी निश्चयानें म्हणत नाहीं. दुसरें कारण यकृतारोपणाची आशा. १९६३ मध्यें अमेरिकेंत डॉ. स्टार्झल यांनीं पहिला प्रयत्न केला. भारतांत १९९४ च्या कायद्यानंतर, १९९८ पासून हें काम यशस्वी होऊं लागलें. ही खरोखर जीव वांचविणारी शस्त्रक्रिया आहे. पण तिचा खर्च अनेक लाखांच्या घरांत जातो, दाता मिळावा लागतो, आणि वाट पाहणाऱ्यांतील कित्येकांना ती लाभत नाहीं. आशा धरली म्हणजे शुश्रूषा नको, असा गैरसमज मात्र तिच्यामुळें पसरला. तिसरें कारण अधिक खोल आहे. ‘दारूनें ओढवून घेतलें’ हा एक शब्द उच्चारला कीं डॉक्टर, नातलग व शेजारी या सर्वांच्या करुणेला ओहोटी लागते. न्याय करणें हें न्यायाधीशाचें काम; उशाशीं बसलेल्यानें तें आपल्याकडे घेऊं नये.

जागतिक आरोग्य संघटनेनें २००२ मध्यें आपली व्याख्या सुधारून असें म्हटलें कीं, ही शुश्रूषा अखेरच्या घटकेसाठीं राखून न ठेवतां रोगाच्या आरंभापासून, इतर उपचारांच्या जोडीनें द्यावी. अमेरिकेंतील यकृतरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०२२ मध्यें खास यकृताच्या रोग्यांसाठीं उपशामक शुश्रूषेचें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें, आणि आरोपणाच्या यादींत नांव असलेल्या रोग्यालाहि ती द्यावी असें सांगितलें. म्हणजे घर पडेपर्यंत थांबून मग टेकू शोधावयाचा नाहीं.

आतां वडनेर भोलजीच्या त्या घराकडे येऊं. तेथें काय करतां येईल? पुष्कळ करतां येईल. मीठ कमी करावें. लोणचें, पापड, खारवलेलीं वाळवणें दूर ठेवावींत. पण वरण, दूध, दहीं, अंडीं बंद करूं नयेत. काविळींत सारें बंद करून रोग्याला उपाशी ठेवण्याची रीत घातक आहे. या रोग्याचे स्नायू झिजत असतात, त्याला प्रथिनें अधिक लागतात, आणि रात्रीं निजण्यापूर्वीं थोडें खाणें हितकर असतें. पोट फुगून श्वास कोंडूं लागला तर पाणी काढण्याची सोय जवळच्या रुग्णालयांत व्हावी. त्यासाठीं दरवेळीं नागपूर गांठावें लागूं नये. दिवसा गुंगी व रात्रीं जागरण, अक्षर बदलणें, बोलण्यांत घोटाळा होणें, हीं मेंदूवर परिणाम होऊं लागल्याचीं पहिलीं चिन्हें होत. बद्धकोष्ठ हें त्याचें नेहमींचें निमित्त असतें. लॅक्टुलोज या साध्या औषधानें दिवसाकांठीं दोन-तीन वेळां शौचास साफ होत राहिलें तर कित्येक रोगी पुन्हां ओळखीचें बोलूं लागतात. दुकानांतून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, विशेषतः डायक्लोफेनॅक व आयब्युप्रोफेन, मूत्रपिंडाला व रक्तस्रावाच्या दृष्टीनें धोक्याच्या आहेत. डॉक्टरांच्या सल्ल्यानें दिवसाला २ ग्रॅमपर्यंत पॅरासिटामॉल चालतें. वेदना त्याहून मोठी असेल तर अल्प प्रमाणांत, अधिक अंतरानें मॉर्फिन देतां येतें, आणि त्याबरोबर रेचक चालूं ठेवावें लागतें. झोपेच्या गोळ्या आपल्या मनानें कधींच देऊं नयेत.

एक गोष्ट सांगण्यास जड, पण सांगणें अवश्य आहे. शेवटीं रक्ताची मोठी उलटी होण्याचा संभव असतो. आरोपण वा अन्य उपाय उरला नसेल, तर घरच्यांना आधींच सांगून ठेवावें, आणि गडद रंगाच्या चादरी व पंचे हाताशीं ठेवावेत. पांढऱ्या कापडावर पसरणारें रक्त पाहून रोगी व लहान मुलें जितकीं भितात तितकीं गडद कापडावर भीत नाहींत. एवढ्याशा सूचनेनें घराची शेवटची आठवण बदलते.

आणि बोलणें लवकर करावें. हा रोग बुद्धीवरच घाला घालतो. मनुष्य शुद्धीवर असतां विचारलें नाहीं, तर पुढें विचारण्यास कोणी उरत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें ९ मार्च २०१८ रोजीं सन्मानानें मरण येणें हा जीविताच्या हक्काचा भाग मानून आगाऊ लेखी इच्छापत्र मान्य केलें, आणि २०२३ मध्यें त्याची किचकट पद्धति पुष्कळ सोपी केली. चरकाच्या यादींत ज्याचें नांव नव्हतें त्या रोग्याला आतां कायद्यानें बोलण्याचा अधिकार दिला आहे. तो अधिकार त्याच्यापर्यंत पोंचविणें हें काम उरलें आहे. २०१८ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या व उपकेंद्रांच्या सेवांत उपशामक शुश्रूषेचा कागदोपत्रीं समावेश झालेला आहे. गांवोगांव आशा कार्यकर्त्या आहेत. त्यांच्या हातीं लॅक्टुलोज, थोडें शिक्षण, आणि मॉर्फिन लिहून देऊं शकेल असा तालुक्यांतला एक डॉक्टर, इतकें आलें तरी केरळांत जें घडलें तें वऱ्हाडांत न घडण्याचें कारण दिसत नाहीं.

याबरोबरच रोग मुळांत टाळण्याचें काम चालूं राहिलें पाहिजे. ‘ब’ काविळीची लस २०११ पासून देशभर बालकांना दिली जात आहे. ‘क’ काविळ तर गेल्या दशकांत निघालेल्या गोळ्यांनीं बहुतेकांत बरी होते, आणि २८ जुलै २०१८ रोजीं सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत त्या मोफत मिळतात. उद्यांचे रोगी त्यानें कमी होतील. पण आजचा रोगी आज अंथरुणावर आहे, आणि उद्यांच्या आंकड्यांनीं त्याचा श्वास मोकळा होत नाहीं.

वैद्यकाच्या इतिहासांत बऱ्या केलेल्या रोग्यांची मोजदाद होते. सांवरून धरलेल्यांची होत नाहीं. सुश्रुतसंहितेंतील तो टेकू घराला नवें करीत नव्हता. घरांतील माणसांना सामान आवरण्यास, दिवा लावण्यास, एकमेकांचा निरोप घेण्यास अवधि देत होता. तेवढा अवधि वडनेर भोलजीच्या रोग्याला मिळावा, आणि तो मागण्यासाठीं त्याला पांचशें किलोमीटर जावें लागूं नये, एवढीच या विवेचनाची मागणी आहे.